मिठाच्या मुलखातला रक्तदाब : प्रस्तावना

बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यात पूर्णेच्या बाजूच्या एखाद्या गावात तुम्ही पाहुणे म्हणून गेलात, तर पाण्याचा तांब्या पुढे करताना घरधनी बहुधा एक शब्द जोडून देईल : ‘गोडं आहे.’ बाहेरच्या माणसाला हे नवल वाटते. इथल्या बोलीत गोडं पाणी म्हणजे पिण्याजोगे पाणी, आणि ते वेगळे सांगावे लागते, कारण विहिरीला आणि हापशाला लागते ते खारे. पिढ्यान्‌पिढ्या या मुलखाने मीठ पाण्यातून, मातीतून, भांड्यांवर बसणाऱ्या पांढऱ्या थरातून ओळखले आहे. रक्तदाब या विषयाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या वाचकाचे स्वागत करायला याहून योग्य जागा मला सुचत नाही. रक्तदाब कमी करण्याचे रोजच्या जगण्यातले जे उपाय आहेत, त्यांची सुरुवात मिठापासून होते, आणि मिठाची गोष्ट या तालुक्याइतकी जवळून क्वचितच कुणी पाहिली असेल.

आधी भूगोल थोडा समजून घेऊ. तालुक्याच्या उत्तरेला सातपुडा आहे, अंबाबरव्याचे जंगल आहे. डोंगराच्या पायथ्याला पाणी बरे लागते. तिथे बागायत फुलते. जसजसे दक्षिणेला पूर्णेकडे उतरावे तसतशी जमीन काळी, खोल आणि चिकट होत जाते, आणि तिच्या पोटातले पाणी खारट होत जाते. पूर्णा ही सातपुड्यात उगम पावून पश्चिमेला वाहणारी नदी. पुढे चांगदेवजवळ ती तापीला मिळते. तिच्या खचलेल्या खोऱ्यात हजारो वर्षे गाळ साचला. तो गाळ इतका बारीक आणि चिकण आहे की पाण्याचा निचरा नीट होत नाही, आणि क्षार आत अडकून राहतात. हाच खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतली जवळपास नऊशे गावे त्यात येतात. जळगाव जामोद आणि संग्रामपूर या दोन तालुक्यांसाठी वाण प्रकल्पाचे पाणी नळाने आणणारी १४० गावांची योजना झाली, ती याच कारणाने. आणि याच दोन तालुक्यांची नावे किडनीच्या आजाराच्या बातम्यांत वर्षानुवर्षे येत राहिली आहेत.

किडनीचा उल्लेख इथे मुद्दाम केला. वाचकांनी हा विषय हाती घेताना एक गोष्ट प्रथम मनात पक्की करावी : रक्तदाब आणि किडनी एकमेकांच्या हातात हात घालून चालतात. वाढलेला दाब किडनी खराब करतो, आणि खराब झालेली किडनी दाब आणखी वाढवते. ठिबक सिंचन ज्याने शेतात टाकले आहे त्याला हे समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. मोटरीचा दाब प्रमाणात असला तर प्रत्येक तोटीतून थेंब नेमका पडतो. दाब वाढला की कुठे नळी फुगते, कुठे जोड सुटतो, कुठे तोटी उडते. आणि खाऱ्या पाण्याने तोट्या चोंदल्या की मागे नळीत दाब आणखी चढतो. आपल्या प्रत्येक किडनीत अशा सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. जास्तीचे मीठ बाहेर टाकणे हे त्यांचेच काम. त्या दमल्या की मीठ अंगात राहते, मिठाबरोबर पाणी राहते, रक्ताचे आकारमान वाढते, आणि हृदयाला तेवढे रक्त जास्त जोराने ढकलावे लागते. ठिबकची तोटी बाजारातून नवी आणता येते. किडनीतली गाळणी एकदा गेली की परत येत नाही.

दाब ही मोजायची गोष्ट आहे, हे माणसाला कळायलाही बराच काळ लागला. इंग्लंडमधल्या स्टीफन हेल्स नावाच्या धर्मोपदेशकाने एका घोडीच्या धमनीला काचेची लांब नळी जोडली होती, आणि रक्त नळीत आठ फुटांहून वर चढल्याचे त्याने १७३३ साली प्रसिद्ध केले. माणसाच्या दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याची सोय १८९६ मध्ये इटलीच्या रिवा-रोची यांनी केली, आणि १९०५ मध्ये कोरोत्कोव्ह या रशियन शल्यविशारदाने पट्ट्याखाली नळी लावून आवाज ऐकण्याची रीत सांगितली. दवाखान्यात आजही जो वरचा आणि खालचा आकडा सांगतात, तो या रीतीतून आला. वरचा आकडा हृदय आकुंचन पावते तेव्हाचा, खालचा ते सैल पडते तेव्हाचा. १२० आणि ८० च्या आसपास असावे. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही १४० किंवा ९० च्या वर राहू लागले की उच्च रक्तदाब म्हणायचे.

पण हा आकडा कसा मोजला, यावर तो किती खरा हे ठरते, आणि इथेच बहुतेक ठिकाणी घाई होते. बाजाराच्या दिवशी दवाखान्यात गर्दी असते. माणूस गाडीवरून उतरतो, चहा घेऊन आलेला असतो, तोंडात तंबाखू असते, बाकावर जागा नसते म्हणून उभ्या-उभ्याच शर्टाच्या बाहीवर पट्टा बांधला जातो. त्या वेळचा आकडा त्याच्या धावपळीचा असतो. खरे मोजमाप असे : अर्धा तास आधी चहा नाही, तंबाखू नाही. लघवीला जाऊन यायचे. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, मांडीवर मांडी न घालता पाच मिनिटे गप्प बसायचे. दंड उघडा, हात छातीच्या उंचीला टेबलावर ठेवलेला. मग मोजायचे, आणि एक-दोन मिनिटे थांबून पुन्हा एकदा मोजायचे. आशाताई किंवा उपकेंद्रातल्या सिस्टर जेव्हा म्हणतात, ‘काकू, जरा बसा, बोलू नका’, तेव्हा त्या वेळकाढूपणा करत नसतात, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. एवढी पाच मिनिटे त्यांना आणि स्वतःला दिली तर काहींची ‘बीपी’ तिथेच उतरलेली दिसते, आणि ज्यांची उतरत नाही त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून घ्यायला हवे हे कळते.

‘मला काही त्रास नाही’ हे वाक्य या विषयात सगळ्यात जास्त ऐकू येते. डोके दुखले, घेरी आली की बीपी वाढली असे आपण समजतो. पण वाढलेला दाब बहुधा काहीच जाणवू देत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत प्रौढांपैकी ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आढळला, म्हणजे सुमारे ३१ कोटी माणसे. हा शहराचा आजार आहे ही समजूत आता सोडून द्यायला हवी. विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणे एकेक करून तपासली, आणि २०१५ मध्ये जे प्रसिद्ध केले ते वाचून मी बराच वेळ थांबलो होतो : त्या गावांत मृत्यूचे पहिले कारण पक्षाघात होते, दर सात मृत्यूंमागे एक. आपण ज्याला ‘लकवा मारला’ म्हणतो, त्याच्यामागे सगळ्यात मोठा हात वाढलेल्या रक्तदाबाचा असतो.

यात थोडा अभिमानाचाही भाग आहे, आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला जमणार नाही. उच्च रक्तदाबावर आधुनिक औषध जगाला मिळाले त्या कथेत मुंबईचे मोठे स्थान आहे. सर्पगंधेचे मूळ आपल्याकडे पूर्वापार वापरात होते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ते रक्तदाबाच्या रुग्णांना पद्धतशीर देऊन, आकडे नोंदवून, १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध लिहिला. तेथून जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. तीनच वर्षांनी तिच्यातला रेसर्पिन हा घटक वेगळा काढला गेला आणि १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. पण या गोष्टीतून घ्यायचा धडा मुळीचा नाही. सर्पगंधा प्रभावी होती, तशी तिची मात्रा चुकली की माणूस खोल उदासीत जाई. पुढे तिच्या जागी अधिक सुरक्षित गोळ्या आल्या. म्हणून आठवडी बाजारात कुणी बीपीची जडीबुटी म्हणून पुडी बांधून देत असेल तर ती घेऊ नये. वकिलांचे मोठेपण त्यांनी केलेल्या मोजणीत होते.

मोजण्याची तीच रीत घेऊन आता स्वयंपाकघरात येऊ. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, सगळे धरून. आपल्या देशात सरासरी माणूस ८ ग्रॅम किंवा त्याहून अधिक खातो. मिठाचा आणि दाबाचा संबंध केवळ कल्पनेतला नाही. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरसॉल्ट या अभ्यासात ३२ देशांतल्या ५२ ठिकाणी दहा हजारांहून अधिक माणसांची लघवी आणि रक्तदाब तपासले गेले. भारतातून दिल्ली आणि लडाख ही ठिकाणे त्यात होती. ॲमेझॉनच्या जंगलातले यानोमामी लोक मीठ जवळजवळ खातच नाहीत, आणि त्यांचा रक्तदाब वयाबरोबर चढत नाही, हे त्यातून पुढे आले. वय वाढले की बीपी वाढायचीच, असे जे आपण गृहीत धरतो, ते सगळ्या माणसांना लागू पडत नाही.

घरात किती मीठ जाते हे कळण्याची एक सोपी युक्ती आहे. किराण्यातून एक किलोची मिठाची पिशवी आणली की तिच्यावर पेनाने तारीख लिहायची. पाच माणसांच्या घरात प्रत्येकी ५ ग्रॅम धरले तर दिवसाला २५ ग्रॅम लागतात, आणि पिशवी चाळीस दिवस पुरायला हवी. ती वीस दिवसांत संपत असेल, तर घरातला प्रत्येक माणूस सरासरी १० ग्रॅम खात आहे. आणि ही झाली फक्त डब्यातली मोजणी. दुकानातली शेव, चिवडा, बिस्किटे, लोणचे, शेगावला गेल्यावर खाल्लेली कचोरी, हे मीठ त्या पिशवीत नाही. पापडाचा तर हिशेबच निराळा आहे, कारण पापडखार हासुद्धा सोडियमचाच क्षार. तो जिभेला खारट लागत नाही, पण शरीर त्याला मीठ म्हणूनच मोजते. खाण्याचा सोडाही तसाच.

वऱ्हाडी जेवणाची बाजू मात्र मी आनंदाने घेईन. ज्वारीची भाकर थापताना पिठात मीठ पडत नाही. गव्हाच्या पोळीच्या कणकेत मात्र चिमूट पडते. म्हणजे भाकरीच्या जेवणात मिठाची एक पायरी आपोआप कमी होते. वरण, आंबाडीची किंवा मेथीची भाजी, वांग्याचे भरीत, पिठले, ताक. यातल्या कशालाही दोष देण्याचे कारण नाही. दोष जाईल तो ठेच्याला, पण तोही अर्धाच. तव्यावर हिरव्या मिरच्या काळे डाग पडेपर्यंत भाजायच्या, लसणाच्या पाकळ्या घालायच्या, आणि मग पाट्यावर ठेचताना मुठीने खडे मीठ पडते ते सवयीने. त्या मिठाच्या निम्मे घेऊन भाजलेले शेंगदाणे, जिरे आणि वरून लिंबू पिळले तर ठेचा ठेचाच राहतो. पहिला आठवडा घरातली मोठी माणसे नाक मुरडतील. जिभेला नव्या मापाची सवय व्हायला काही आठवडे लागतात, कधी दोन-तीन महिने. त्यानंतर जुने माप खारट लागू लागते. म्हणून एकदम मीठ बंद करण्यापेक्षा हळूहळू, कुणाला न सांगता कमी करणे अधिक टिकते. ताटात वरून घ्यायचे मीठ मात्र पहिल्या दिवसापासून उचलून ठेवावे.

एक खबरदारी. मे महिन्यात उन्हात राबणाऱ्या माणसाच्या घामातून मीठ जाते. त्याच्या दुपारच्या ताकातल्या चिमूटभर मिठावर नियम लावण्याची गरज नाही. नियम लावायचा तर तो सावलीत बसून खाल्लेल्या फरसाणाला लावावा.

आता पाणी. इतर कुठल्या जिल्ह्यातल्या पुस्तकात रक्तदाबाच्या प्रस्तावनेत पाण्याला परिच्छेद मिळणार नाही. इथे तो द्यावाच लागतो. समजा, पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ३०० मिलिग्रॅम सोडियम आहे आणि उन्हाळ्यात माणूस दिवसाला चार लिटर पाणी पितो. १२०० मिलिग्रॅम सोडियम झाले, म्हणजे सुमारे ३ ग्रॅम मीठ, एकही घास खाण्याआधी. बांगलादेशच्या किनाऱ्यावर, जिथे समुद्राचे पाणी विहिरींत शिरते, तिथे खारे पाणी पिणाऱ्या गरोदर बायकांत रक्तदाबाचे विकार अधिक आढळल्याचे अभ्यासांनी दाखवले. त्याच किनाऱ्यावरच्या पुढच्या एका अभ्यासाने मात्र वेगळे चित्र मांडले : सौम्य खाऱ्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही असते, आणि ते दाब थोडा उतरवते. वाचकांनी या विरोधाने गोंधळून जाऊ नये. पाणी खारे म्हणजे नेमके कोणत्या क्षारांनी खारे, हा प्रश्न विचारायला तो शिकवतो. पाणी तपासायला दिले तर फक्त टीडीएसचा आकडा घेऊन परत येऊ नये. टीडीएस म्हणजे सगळ्या क्षारांची एकत्र बेरीज. भारतीय मानकाप्रमाणे ती लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावी, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. सोडियम किती, हे वेगळे विचारावे.

काही गैरसमजही इथेच दूर करावेत. पाणी उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत; पाणी आटले तर उलट दाट होतात. तुरटीने गाळ बसतो, मीठ बसत नाही. विकतच्या थंड पाण्याचा प्रत्येक कॅन क्षार काढणाऱ्या आरओ यंत्राचा नसतो. थंडपणा जिभेला खारटपणा कमी भासवतो, एवढेच. आणि कठीण पाणी मऊ करणारी काही यंत्रे कॅल्शियम काढून त्याच्या जागी सोडियमच सोडतात. नळाला योजनेचे गोडे पाणी येत असेल, तर ते पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी राखावे आणि बोअरचे पाणी धुण्याला वापरावे. डाळ खाऱ्या पाण्यात शिजवली तर ते मीठ डाळीतच राहते. ज्या गावात नळ आठ-आठ दिवस कोरडा राहतो, तिथल्या माणसाला ‘जीवनशैली बदला’ एवढेच सांगून भागत नाही, हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवतो. तिथे रक्तदाबाचा उपाय पाण्याच्या टाकीपासून सुरू होतो, आणि ते काम एकट्या माणसाचे नाही, ग्रामपंचायतीचे आणि शासनाचे आहे.

मिठाची आणखी एक वाट आहे, तिच्याकडे क्वचितच कुणाचे लक्ष जाते. अशक्तपणा वाटला की ‘एक सलाईन लावा’ असे सांगून बाटली लावून घेण्याची आपल्या खेड्यांत फार सवय आहे. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते. दिवसभराच्या मिठाची जवळजवळ सगळी मर्यादा एका बाटलीत संपते, आणि तेही थेट रक्तात. जुलाब-उलट्यांनी पाणी गेलेल्या माणसाचा ती जीव वाचवते. नुसत्या थकव्यावर ती बीपीच्या माणसाने मागून घेऊ नये. तेच अंगदुखीच्या गोळ्यांचे. निंदणी-वेचणीच्या दिवसांत कंबर दुखते म्हणून दुकानातून रोज एक गोळी घेणारी कितीतरी माणसे मी पाहिली आहेत. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या मीठ अंगात धरून ठेवतात, रक्तदाब चढवतात आणि दीर्घकाळ घेतल्या तर किडनीला इजा करतात. खारपाणपट्ट्यातल्या माणसाला ही चैन परवडणारी नाही. तुम्हाला बीपी असेल आणि अंगदुखीची गोळी रोज लागत असेल, तर हे दोन्ही एकाच डॉक्टरांना, एकाच वेळी सांगा.

आहारात काय कमी करावे हे झाले. काय वाढवावे हेही तितकेच महत्त्वाचे. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या ‘डॅश’ नावाच्या एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ४५९ माणसांना आठ आठवडे ठरावीक जेवण पुरवले गेले. भरपूर भाज्या, फळे, कमी चरबीचे दूध-दही यांचे जेवण ज्यांना मिळाले, त्यांच्यातल्या उच्च रक्तदाबाच्या माणसांचा वरचा आकडा सरासरी ११ अंकांनी उतरला, आणि त्या प्रयोगात मीठ कमी केलेले नव्हते. एका गोळीइतका हा परिणाम. यामागे मोठा वाटा पोटॅशियमचा मानतात. ते सोडियमला बाहेर काढायला किडनीला मदत करते. सातपुड्याच्या पायथ्याची संत्री, केळी, आपल्या तूर-हरभऱ्याच्या डाळी, पालेभाज्या, ताक. अमेरिकेतला तो आहार आपल्या शिवारात आधीपासून उभा आहे. पिकवतो आपण, विकतो आपण, आणि घरी मात्र मुलांना कुरकुऱ्याचे पाकीट आणतो, याचे मला खरोखर वाईट वाटते.

पोटॅशियमच्या बाबतीत मात्र या तालुक्यापुरते एक वाक्य ठळक करून वाचावे. बाजारात ‘कमी सोडियमचे मीठ’ मिळते. त्यात साध्या मिठाचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराईड घातलेले असते. चीनमध्ये ६०० खेड्यांतल्या जवळपास २१ हजार माणसांवर ते वापरून पाहिले, आणि २०२१ मध्ये निष्कर्ष आला की पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. फार मोठी गोष्ट आहे. पण त्या प्रयोगातून किडनीचा गंभीर आजार असलेली माणसे वगळलेली होती. दुबळ्या किडनीला पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही. ते साठले तर हृदयाचे ठोके बिघडतात. जिथे घराआड किडनीचा रुग्ण आहे, तिथे हे मीठ आणण्याआधी किडनीचे काम सांगणारे रक्तातले क्रिएटिनिन तपासून घ्यावे. ज्यांची किडनी आधीच बिघडली आहे त्यांनी केळी-संत्रीसुद्धा डॉक्टरांना विचारूनच ठरवावीत. पुण्या-मुंबईच्या मासिकातला सल्ला इथे जसाच्या तसा उचलू नये, ते यासाठीच.

चालणे, वजन, तंबाखू आणि दारू यांविषयी वाचकाने आधी बरेच ऐकलेले असते, म्हणून थोडक्यात. वजन एक किलो उतरले की वरचा आकडा साधारण एका अंकाने उतरतो. आठवड्याला अडीच तास दमदार चालण्याने उच्च रक्तदाबाच्या माणसाचा दाब पाच ते आठ अंकांनी खाली येतो. दिवसभर शेतात राबणाऱ्या बाईला व्यायाम सांगण्याची गरज नाही, तिला झोप सांगावी. पण दुकानात, कचेरीत, शाळेत बसणाऱ्याने आणि शेताच्या बांधापर्यंत मोटरसायकल नेणाऱ्याने हे स्वतःला लावून घ्यावे. तंबाखूची प्रत्येक चिमूट काही वेळ दाब चढवते आणि रक्तवाहिन्या कडक करते. दारू, मोहाची असो की दुकानातली, रोज घेतली तर दाब चढता ठेवते. श्वासाच्या सावकाश अभ्यासाने थोडा उतार पडतो, आणि यातही मोजून पाहणारी माणसे आपल्याकडे होती : स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि आसनांच्या वेळी रक्तदाब कसा बदलतो याच्या नोंदी ‘योग मीमांसा’ या आपल्या नियतकालिकात छापल्या.

पाच-दहा अंकांनी काय होते, असे कुणी म्हणेल. दहा लाख माणसांच्या नोंदी एकत्र करून २००२ मध्ये जो हिशेब मांडला गेला, त्यात चाळिशी ते सत्तरीच्या दरम्यान वरचा आकडा २० ने वाढला की पक्षाघाताने आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका दुप्पट होतो असे दिसले. मग मिठाचे पाच, चालण्याचे पाच, वजनाचे चार अशी बेरीज करून पाहा.

ही बेरीज गोळीच्या जागी वापरू नये, एवढी विनंती. मीठ कमी केले, आकडा उतरला, म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करणारी माणसे काही महिन्यांनी लकव्याने परत येतात. गोळी कमी करायची तर ती डॉक्टरांनी, मोजून लिहून ठेवलेले आकडे पाहून. महाराष्ट्राला या कामाचा चांगला अनुभव आहे. २०१७ मध्ये भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला तेव्हा पहिल्या तुकडीत आपले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे होते. ठरावीक गोळ्या, पुरेसा साठा, प्रत्येक रुग्णाचे कार्ड आणि चुकलेल्या माणसाला फोन, एवढ्या साध्या गोष्टींवर तो उभा राहिला, आणि २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कृतिदलाने त्याचा सन्मान केला. आज तिशी ओलांडलेल्या कुणालाही उपकेंद्रात बीपी फुकट मोजून मिळते आणि गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते. त्यासाठी शहरात जाण्याची गरज नाही.

शेवटी हा विषय कुणी वाचावा, याबद्दल. बीपी सासऱ्यांना असते आणि मीठ सुनेच्या हातात असते. ‘यांच्यासाठी वेगळी अळणी भाजी’ असा दुसरा गंज चुलीवर चढला की बाईचे काम दुप्पट होते, आणि महिन्याभरात ती भाजी बंद पडते. घरातल्या सगळ्यांनी एकच भाजी, कमी मिठाची, खावी. लहान मुलांनाही ती चांगलीच. म्हणून वाचकांनी ही पाने एकट्याने वाचू नयेत. रात्रीच्या जेवणानंतर कुणीतरी मोठ्याने वाचावे, आणि स्वयंपाक करणारीला आधी बोलू द्यावे, कारण घरात मीठ कुठून किती येते हे तिला इतर कुणाहीपेक्षा अधिक ठाऊक असते.

आणि सुरुवात कुठून करू, असे विचाराल, तर उद्या किराण्यातून येणाऱ्या मिठाच्या पिशवीवर पेनाने तारीख घाला. तिच्या खाली लिहा : माणसे किती. दुसरी पिशवी आणायला निघाल त्या दिवशी मधले दिवस मोजा, आणि तो आकडा हाताशी ठेवून पुढचे पान उघडा.